मालनबाईचा जंत

राजानंद हिवाळेच्या आईच्या नावाने शेळीच्या आतड्यातला एक जंत आहे, हे घनसावंगी तालुक्यातल्या त्या गावात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. लोकांच्या आईच्या नावाने शाळा असते, पाणपोई असते, फार तर एखादी पतसंस्था असते. मालनबाईच्या नावाने जंत होता. पण तिला त्यात कमीपणा कधी वाटला नाही. घरी नवं माणूस आलं, की चहाला उकळी फुटायच्या आत तिचा किस्सा सुरू झालेला असायचा.

"माझी काळी शेळी मेली," ती सांगायची. "मला वाटलं, ह्यो गोठ्यात रडत बसला आसंल. बघाया गेल्ते तर ह्यो तिचं आतडं चिरून बसलेला. त्यातून काढली पांढरी फीत, हातभर लांब. म्हनला, माय, असा जंत दुनियेत कुनी बघितलेला न्हाई. आन दिलं की त्याला माझं नाव." मग ती मुलाकडे वळायची. "बराबर हाय ना रं, राजा?"

"बराबर हाय, माय," राजानंद म्हणायचा.

जंताचं पूर्ण नाव मोनिएझिया मालनी हिवाळे. पहिलं नाव जंताच्या कुळाचं, दुसरं मायचं आणि तिसरं, ज्याने तो शोधला त्या लेकाचं. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत असंच लिहायची रीत आहे.

आणखीही एक रीत होती, ती मात्र पुस्तकात सापडणार नाही. राजानंदचे गाइड बद्रीनाथ सर. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करायची तर खाटकाच्या दुकानासमोर भल्या सकाळी डबा घेऊन उभं राहायचं, आतडी आणायची, त्यातले जंत काढायचे आणि त्यात निदान एक तरी नवी जात शोधायची. नवी जात निघाली नाही तर विद्यार्थी कमी पडला, असं समजायचं. निघाली की तिला नाव द्यायचं ते सरांचं. सरांचं देऊन झालं असेल तर सरांच्या मंडळींचं, मग सरांच्या गुरूंचं. असं करता करता सरांच्या घरात बिनजंताचं माणूस उरलं नव्हतं. संस्थेच्या अध्यक्षांच्या नावाचाही एक होता. तो कोंबडीच्या पोटातला होता, हे अध्यक्षांना कुणी सांगितलं नव्हतं.

या सगळ्यात राजानंदने आईचं नाव दिलं तेव्हा बद्रीनाथ सरांनी भुवया वर केल्या होत्या. पण पोरगा हुशार होता, गावातला पहिला एम.एस्सी. होता, आणि आई शेळ्या राखणारी. सर म्हणाले, असू दे. राजानंदला ते आयुष्यातलं पहिलं धाडस वाटलं. पुढे जालन्यात कॉलेजात नोकरी लागली, केबिन मिळाली, गाइडशिप मिळाली. केबिनच्या कपाटात, दरवाजा उघडताच दिसेल अशी, फॉर्मालिनची एक बाटली असायची. तीत मालनी.

साधना त्याच्याकडे आली ती वडीगोद्रीहून. हायवेला वडलांचं मोटारपंपाचं दुकान, घरात शिकलेलं कुणी नाही, आणि पोरगी अशी की एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं. तिच्यात राजानंदला स्वतःचं तरुणपण दिसायचं, पण तिच्याकडे त्याच्यापेक्षा धीर जास्त होता. त्याने सारं आयुष्य सूक्ष्मदर्शकात डोळा घालून घालवलं होतं. डीएनएचं काम त्याला येत नव्हतं आणि ते तो लपवतही नव्हता. त्याने पुण्यातल्या एका मित्राला गळ घातली, साधनाला तिथल्या प्रयोगशाळेत पाठवलं आणि ती सगळं शिकून परत आली तेव्हा विभागात पेढे वाटले.

तिला विषयही त्यानेच दिला. म्हणाला, "आपल्या भागातल्या शेळ्यांचे पट्टकृमी घे. त्यांचा डीएनए काढ. आणि सुरुवात मालनीपासून कर."

त्याला वाटलं होतं, जुन्या कामावर नव्या शास्त्राचा शिक्का बसेल.

अडचण अशी होती, की बाटलीतल्या मालनीचा काही उपयोग नव्हता. फॉर्मालिन जंताचा आकार टिकवतं आणि डीएनएची मात्र माती करतं. ताजे जंत हवे होते, आणि शास्त्राप्रमाणे ते मूळ ठिकाणचेच हवे होते. म्हणून साधना एसटीने घनसावंगीला आणि तिथून काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून मालनबाईच्या दारात उतरली.

ती जाणार होती दोन दिवस, राहिली आठवडाभर. मालनबाईने सगळं गाव कामाला लावलं. गावात बोकड कापला, की त्याची आतडी-वजडी धुवायच्या आत मालनबाईचा निरोप तिथे हजर. वजडीचे शौकीन कुरकुरले, तर ती म्हणायची, "खायला कुठं घेऊन राह्यले, बाबा? त्यातला माझा जंत तेवढा द्या, बाकी तुमची वजडी तुम्हाला." पुतण्या कडूबा तिच्यापुढे पातेलं घेऊन पळायचा. रात्री ती साधनाला शेजारी झोपवायची आणि राजाच्या लहानपणाच्या गोष्टी सांगायची. निघताना तिने साधनाच्या पिशवीत तिळाच्या चटणीची पुडी कोंबली आणि बजावलं, "निघाला का माझा जंत, ते मला फोन करून सांग. राजाला टाइम न्हाई राहत."

काही महिन्यांनी साधना राजानंदच्या केबिनमध्ये आली. हातात प्रिंट होते. बस म्हटलं तरी बसली नाही.

"सर, फरक नाहीये."

"कशात?"

"मालनीत आणि एक्सपान्सात. साध्या जंतात. अक्षरन्‌अक्षर सारखं आहे. जगात कुठल्याही शेळीत सापडतो, तोच आहे हा."

राजानंदने प्रिंट बघितले. त्याला त्यातलं सगळं कळत नव्हतं, पण एकाखाली एक ठेवलेल्या दोन ओळी सारख्या आहेत एवढं कळायला पीएच.डी. लागत नाही.

"नमुने मिसळले असतील," तो म्हणाला. "परत कर."

तिने परत केलं. तो म्हणाला, अजून एकदा. तिने अजून एकदा केलं. या वेळी ती प्रिंटसोबत दोन काचपट्ट्याही घेऊन आली. एकीवर मान लांब असलेला जंत, एकीवर मान आखूड असलेला.

"सर, दोन्ही एकाच शेळीतले आहेत," ती हळू म्हणाली. "एक मी आधी थंड पाण्यात सैल होऊ दिला. दुसरा जिवंतच गरम फॉर्मालिनमध्ये टाकला. तो आक्रसला. मालनीचं मुख्य लक्षण आखूड मान हेच आहे ना, म्हणून मी करून बघितलं."

राजानंदने दोन्ही काचपट्ट्या उजेडात धरल्या. जंत आधी थंड पाण्यात ठेवा, सैल होऊन मरू द्या, मगच फॉर्मालिनमध्ये टाका, हे तो दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगत आला होता. आणि काळी शेळी मेली त्या दिवशी त्याला शेवटची एसटी गाठायची होती. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ सरांपुढे रिकाम्या हाताने उभं राहायचं नव्हतं. मायच्या चुलीवर त्याने फॉर्मालिन गरम केलं, त्या वासाने मायच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, आणि वळवळता जंत त्याने तसाच आत सोडला. तो डोळ्यांदेखत आक्रसलेला त्याने पाहिला होता. आखूड मान त्याला दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसली, तेव्हा सरांनी पाठ थोपटली, आणि त्यानंतर राजानंदने त्या बाटलीकडे फार वेळ कधी बघितलं नाही. दाखवायची सगळ्यांना, बघायची नाही, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

साधनाने पेपर लिहून दिला. चांगला लिहिला होता. कुठेही आगाऊपणा नाही, मूळ शोधकाचा मान राखलेला. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेतल्या बाईंनी तिचं काम ऐकून तिला बोलावलं होतं. त्यांची अट एकच होती, हा पेपर छापून यावा. पेपरवर गाइडचं नाव लागणार होतं, आणि गाइडच्या संमतीशिवाय तो कुठेही पाठवता येणार नव्हता.

राजानंदने तो वाचायला घेतला आणि घोंगडं भिजत ठेवलं. आधी परीक्षा होत्या. मग कॉलेज तपासायला नॅकची समिती येणार होती. मग त्याला भाषेत सुधारणा सुचल्या, मग त्या सुधारणांत सुधारणा. साधना दर सोमवारी दारात येऊन उभी राहायची, "सर, ते..." एवढंच म्हणायची. तिचं ते अर्धं वाक्य पुढे त्याला घरी जेवतानाही ऐकू यायला लागलं.

शेवटी एका दुपारी त्याने तिला बसवून घेतलं.

"साधना, माझी माय थकलीय आता. तिच्या आयुष्यात तिला मिळालेला मान एवढाच आहे. तिच्या डोळ्यांदेखत तो काढून घ्यायचा? ती आहे तोवर थांबू. थीसिसमधून ते प्रकरण तूर्त बाजूला ठेव. डिग्रीला काही अडत नाही."

साधनाने मान वर केली. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, पण त्याच्याकडे बघून ती गप्प झाली. "बरं, सर," म्हणाली आणि उठली. राजानंदला तेव्हा वाटलं, पोरीला पटलं. आपल्याला इतकं चांगलं बोलता येतं, याचं त्याला थोडं समाधानही वाटलं.

डिग्रीला खरंच काही अडलं नाही. हैदराबादच्या बाईंनी वाट बघितली, आठवण केली, आणि मग ती जागा दुसऱ्या कुणाला दिली. साधना पेढे घेऊन आली ते नव्या जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत नोकरी लागल्याचे. तिने तक्रार केली नाही. वाकून नमस्कार केला. तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं राजानंदला पुढे फार वेळा वाटलं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या राज्यातल्या कुणा मंडळींचा मोठा पेपर छापून आला. देशभरातल्या शेळ्यामेंढ्यांच्या पट्टकृमींचा त्यांनी डीएनए काढला होता आणि शेवटी, वेगळ्या नाहीत अशा जातींची भली लांब रांग दिली होती. बद्रीनाथ सरांच्या घरचे बहुतेक सगळे त्यात होते. मधेच कुठेतरी मालनी हिवाळे. साधनाने जे मेहनतीने, मान राखून, चार पानांत सांगितलं होतं, ते इथे एका ओळीत उरकलं होतं.

राजानंद स्टाफरूममध्ये बसून कुणीतरी काहीतरी बोलेल याची वाट बघत राहिला. इतिहासाच्या काकासाहेबांनी त्याला डीए वाढल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही कुणी काही बोललं नाही. आठवडा गेला. कुणाचा फोन नाही, कुणाचा टोमणा नाही. प्राचार्य भेटले ते हजेरीबद्दल बोलले. ज्या बेअब्रूच्या धास्तीने त्याने पोरीची वाट अडवली, ती बेअब्रू करायला जगात कुणाला सवड नव्हती. आपण एवढे मोठे कधी नव्हतोच, हे त्याला कळलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

त्या शनिवारी तो मोटारसायकलने नव्या जालन्यात गेला. स्टेशनच्या पुढे, बँकेच्या वरच्या मजल्यावर कंपनीची प्रयोगशाळा होती. साधना पांढऱ्या कोटात आली. तिने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, काम दाखवलं. कपाशीची कोवळी रोपं, त्यांच्या पानाचा टिकलीएवढा तुकडा, त्यातून डीएनए. बियाणं शुद्ध आहे की भेसळीचं, ते ठरवायचं. हात तेच होते, तसेच सफाईने चालत होते.

"साधना, ते आपलं काम आपण परत उभं करू," तो म्हणाला. "तुझं नाव पहिलं. माझं नकोच. त्या लोकांनी फक्त एक जनुक घेतलंय. आपण..."

"सर, सीझन तोंडावर आहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "रोज ढिगाने सॅम्पल येऊन राह्यलेत. आणि खरं सांगू का, आता त्यात जीव नाही लागत."

मग काहीतरी आठवल्यासारखं करून ती फ्रीजकडे गेली आणि एक छोटा डबा घेऊन आली. आत अल्कोहोलमधल्या कुप्या होत्या, जंताचे पांढरे तुकडे असलेल्या. "बरं झालं आलात. हे तुमच्याकडे ठेवा. इथे पानं ठेवायला जागा पुरत नाही." प्रत्येक कुपीवर तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: मालनी. आणि नावापुढे, अगदी पहिल्या दिवशी घातलेलं, प्रश्नचिन्ह.

राजानंदने डबा मांडीवर घेतला. "मी मायसाठी थांबवलं तुला," तो म्हणाला. "तिला कळलं असतं तर..."

साधना फ्रीजचं दार लावून आली.

"सर, आजींना माहीत होतं."

"काय?"

"रिझल्ट आला त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला होता, निघाला का गं माझा जंत म्हणून. मला खोटं बोलवेना. मी सांगितलं, आजी, तो वेगळा नाही, सगळ्यांचाच आहे. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, मंग लिव्ह की तसं. आणि म्हणाल्या, राजाला म्या इचारलं म्हणून सांगू नको, त्याला वाईट वाटून राह्यलं आसंल, तो मला आपणहून सांगंल." साधनाने टेबलावरचं पान उगाच सरळ केलं. "तुम्ही मला बसवून सांगितलं ना, त्या दिवशी मी बोलणार होते. पण तुम्ही आजींचं इतकं मनापासून बोलत होतात. मला वाटलं, तुम्हाला त्या आडोशाची गरज आहे."

तो जिना उतरून खाली आला तेव्हा भर दुपार होती. रिक्षावाले गाडीच्या वेळेला ओरडत होते. मोटारसायकलवर बसून त्याने किल्ली लावली आणि तसाच बसून राहिला. सगळ्यात आधी त्याच्या डोळ्यांपुढे आली ती मायची चुलीपुढची मूर्ती. गेल्या काही वर्षांत तिने तो किस्सा किती जणांना सांगितला, पाव्हण्यांना, सोयऱ्यांना, नर्सबाईला, आणि दर वेळी शेवटी त्याच्याकडे वळून विचारलं, "बराबर हाय ना रं, राजा?" त्याला ती कौतुकाची खोड वाटायची. ती विचारत होती. दर वेळी खरंच विचारत होती, आणि तो दर वेळी "बराबर हाय" म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी तो गावी गेला. अंगणात कडूबा बसला होता, सोबत त्याचे नवे व्याही आणि विहीणबाई, बेबीनंदा. मालनबाई चुलीपुढे होती. हात कापत होते, पण साखरेचा अंदाज अजून चुकत नव्हता. राजानंद येऊन खाटेवर टेकला.

"काकू," कडूबा म्हणाला, "त्यो जंताचा किस्सा सांगा की पाव्हण्याला."

मालनबाईने फुंकर घातली, डोळे पुसले आणि नेहमीच्या जागेपासून सुरू केलं. काळी शेळी, गोठा, चिरलेलं आतडं, हातभर पांढरी फीत. पाव्हणे हसले. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. "आन दिलं की त्याला माझं नाव," मालनबाईने संपवलं आणि मुलाकडे वळली. "बराबर हाय ना रं, राजा?"

"न्हाई, माय," राजानंद म्हणाला.

कडूबाचा हात विडीच्या बंडलावर थांबला. मालनबाईच्या तोंडावर मात्र आश्चर्य नव्हतं. तिचे खांदे जरा सैल झाले, बऱ्याच दिवसांचं ओझं कुणी उतरून घ्यावं तसे.

"त्यो जंत वेगळा न्हाई," राजानंद सांगू लागला. "साधाच हाय. म्या घाईत त्याला गरम फॉर्मालिनमधी टाकला, त्याची मान आखडली, आन म्या म्हनलं नवा हाय. साधनानं शोधून काढलं. तिचंच खरं व्हतं."

"मला ठावं हाय," मालनबाई म्हणाली. तिने गाळणी कपावर धरली. आवाजात लाड होता. "पोरगी लई गुणाची. मंग, तिचं ते छापून आलं न्हवं? तिला हैद्राबादला जायचं व्हतं, मागं फोनवर बोलली व्हती. गेली का?"

राजानंदला वाटलं होतं, जंताचं सांगितलं की सगळं सांगून झालं. त्याने पाव्हण्यांकडे बघितलं, कडूबाकडे बघितलं.

"न्हाई गेली," तो म्हणाला. "म्या छापू दिलं न्हाई."

"का रं?"

तुझ्यासाठी, हा शब्द त्याच्या ओठावर आला होता. इतकी वर्षं तो तयारच होता. पण मोनिएझिया मालनी हिवाळे या नावातलं तिसरं नाव मायचं नव्हतं, आणि हे तिला माहीत नसलं तरी त्याला माहीत होतं.

"माझं नाव जाईल म्हनून," राजानंद म्हणाला.

मालनबाईने पाव्हण्यांना एकेक करून कप दिले, कडूबाला दिला, मग राजानंदपुढे ठेवला. चुलीतलं लाकूड मागे ओढून त्यावर पाणी मारलं आणि तिथेच बसून राहिली.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तू कव्हाच छापून मोकळा झाला आसशील. आन मला सांगायची लाज वाटून राह्यली म्हनून बोलत न्हाईस. मी आपली त्याचीच वाट बघून राह्यले व्हते."